मानेच्या गाठींच्या ऑपरेशननंतर खांदा का पडतो, हात वर का जात नाही, आणि त्याचं काय करायचं

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बाबा ५४ वर्षांचे, डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झालं, त्यातच मानेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड्स, काढल्या, मग रेडिएशन झालं आणि ते संपून महिना होत आला. आता डावा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट काढताना ओरडतात, खांदा खाली उतरल्यासारखा दिसतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सर्जन म्हणाले नस वाचवलीय. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, असं सांगून इंजेक्शन सुचवलं. अजून कुणी मानेचा एमआरआय करायला लावला त्यात गादी सरकलेली निघाली. आणि बाबांचा स्वतःचा एकच प्रश्न आहे की किराणा दुकानात परत कधी उभं राहता येईल.

मी बरीच वर्षं कॅन्सरच्या पेशंटची फिजिओथेरपी करते आणि त्यात तोंडाच्या कॅन्सरचेच पेशंट सगळ्यात जास्त येतात, आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यामुळे ते साहजिकच आहे. त्यामुळे जरा सविस्तर सांगते. बाबांना न तपासता सांगतेय हे लक्षात ठेवा, पण जे वर्णन तुम्ही केलंय ते इतकं ठरावीक आहे की दिशा नक्की सांगता येते.

दिशा अशी की मूळ दुखणं बहुतेक खांद्याच्या सांध्यात नाहीये. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस दुखावलीय, त्यामुळे पाठीवरचं त्रिकोणी सपाट हाड, म्हणजे स्कॅप्युला, धरून ठेवणारा स्नायू ढिला पडलाय. म्हणून उपायही त्या हाडाला आधार देण्यापासून सुरू करायचा, हात ओढून वर नेण्यापासून नाही. आणि सुरू आत्ताच करायचा, "रेडिएशनची आग शांत होऊ दे मग बघू" असं नाही.

नस म्हणजे स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह, डिस्चार्ज कार्डावर एसएएन किंवा अकरावी नस असं लिहिलेलं असतं. ती कवटीच्या तळातून बाहेर पडते, मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूतून किंवा त्याच्या खालून जाते आणि मग मानेच्या मागच्या भागात अगदी कातडीच्या जवळून तिरकी उतरत ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूत शिरते. ट्रॅपेझियस म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू, आपण दमल्यावर कुणाला तरी दाबायला सांगतो ना, तोच. कॅन्सर ज्या गाठींमध्ये पसरतो त्या गाठी नेमक्या या नसेच्या आजूबाजूलाच असतात, त्यामुळे सर्जन कितीही कुशल असला तरी त्या भागात हात घालावाच लागतो.

आता हात वर जाण्याचा हिशोब बघा. हात बाजूने पूर्ण वर नेला की साधारण १८० अंश होतात, त्यातले १२० च्या आसपास खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० स्कॅप्युला पाठीवर फिरतो त्यातून. स्कॅप्युला फिरवण्याचं काम ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरचा सेरेटस हे दोघे मिळून करतात. ट्रॅपेझियस गेला की स्कॅप्युला खाली आणि बाहेर घसरतो, फिरत नाही, आणि हात ९० अंशांच्या आसपास येऊन अडतो. भुसभुशीत जमिनीवर शिडी लावली तर शिडी धड असूनही चढता येत नाही, तसंच आहे हे, हाताचे स्नायू चांगले असतात पण त्यांना जोर लावायला खाली पक्कं काही नसतं. त्यात दुसरी भानगड अशी की ट्रॅपेझियसचं काम मग मानेतला लेव्हेटर आणि पाठीतला ऱ्हॉम्बॉइड हे छोटे स्नायू करायला जातात, हाताचं सगळं वजन दिवसभर त्यांच्यावर येतं, ते आखडतात, आणि संध्याकाळी मान ते खांदा या पट्ट्यात जे ठणकतं ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता सर्जनच्या वाक्याबद्दल. "नस वाचवली" हे ते खरंच सांगतायत, आणि तरीही बाबांचा खांदा पडलाय हेही खरंच आहे. नस कापली नाही म्हणजे तिला काही झालं नाही असं नसतं. गाठी काढताना तिला बाजूला ओढावं लागतं, तिच्याभोवतीचा बारीक रक्तपुरवठा जातो, काही तास ती उघडी राहते, वर रेडिएशनमुळे आजूबाजूला कडकपणा येतो. नस दिसायला अखंड असते पण काम बंद करते. चांगली बातमी ही की अशी नस बऱ्याचदा परत जागी होते, फक्त वेळ फार घेते. दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढते, त्यामुळे सुधारणा आठवड्यात मोजायची नाही, महिन्यांत मोजायची, वर्षभर आणि काहींना त्याहूनही जास्त.

डिस्चार्ज कार्ड काढून बघा, त्यावर ऑपरेशनचं नाव असेल. आरएनडी लिहिलं असेल तर नस, मानेचा मोठा स्नायू आणि मोठी शीर तिन्ही काढलेत. एमआरएनडी असेल तर तिन्हीपैकी काहीतरी वाचवलंय, टाइप १ मध्ये फक्त नस वाचवलेली असते. एसएनडी किंवा एसओएनडी असेल तर मानेतले ठरावीक भागच साफ केलेत आणि नस, स्नायू, शीर तिन्ही जागेवर आहेत. खांद्याला त्रास होण्याची शक्यता याच क्रमाने कमी होत जाते, पण शेवटच्या प्रकारातही त्रास होतोच होतो, विशेषतः नसेच्या मागचा वरचा कोपरा किंवा मानेचा मागचा भाग साफ केला असेल तर. या कार्डाचा फोटो काढून ठेवा आणि ज्या फिजिओकडे जाल त्याला पहिल्यांदा तोच दाखवा. खांदा बघण्याआधी हे बघायला हवं असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या भावाने विचारलंय की मानेत गाठ हाताला लागतही नव्हती तर मान कापलीच कशाला. हा राग मी खूप घरांत बघते. मूळ मोठं ऑपरेशन १९०६ साली अमेरिकेतल्या क्राइल नावाच्या सर्जनने मांडलं, त्यात सगळंच काढलं जायचं, आणि खांदा जाणार हे धरूनच चालायचे. १९६१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी या त्रासाचं नीट वर्णन करून त्याला शोल्डर सिंड्रोम म्हटलं आणि पुढे नस वाचवणारी ऑपरेशन्स रूढ झाली. गाठ लागत नसताना मान साफ करायची की वाट बघायची हा वाद तरी बरीच वर्षं चालू होता, तो सोडवण्यात सगळ्यात मोठा वाटा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या अभ्यासाचा आहे. २०१५ साली तो छापून आला, ज्यांची मान सुरुवातीलाच साफ केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते आणि ज्यांच्यात गाठ येईपर्यंत वाट बघितली त्यांच्यातले ६७.५ टक्के. एवढा फरक आहे. म्हणजे खांद्याच्या बदल्यात जीव असा तो व्यवहार होता आणि तो बरोबरच होता, भावाला हे जरूर सांगा. माझी तक्रार वेगळी आहे, खांद्याचा असा त्रास होऊ शकतो आणि व्यायाम कधी सुरू करायचा हे डिस्चार्जच्या दिवशी फार कमी लोकांना सांगितलं जातं, आणि मग पेशंट चार-सहा महिने हात पोटाशी धरून बसतो.

फ्रोजन शोल्डरचं निदान चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही, ते अर्धवट असू शकतं. घरी एक साधी तपासणी करा. बाबांना उताणं झोपवा, त्यांनी हात पूर्ण ढिला सोडायचा, तुम्ही कोपराला आणि मनगटाला आधार देऊन हात हळूहळू समोरून वर न्या, जिथे दुखेल तिथे लगेच थांबायचं. स्वतःहून ८०-९० अंशांवर अडणारा हात तुमच्या आधाराने बराच वर गेला तर सांधा मोकळा आहे, अडचण नसेची आणि स्नायूची आहे. तुमच्या आधारानेही तिथेच अडला आणि शिवाय कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवतानाही उजव्यापेक्षा खूपच कमी फिरला, तर सांध्याचं आवरण आखडलंय. बरेचदा असंच होतं की नस दुखावली म्हणून हात हलवला नाही, हलवला नाही म्हणून सांधा आखडला. मग दोन्हीवर काम करावं लागतं आणि अशा वेळी सांध्यात इंजेक्शन दिल्याने दुखणं कमी होऊन व्यायाम सोपा होऊ शकतो, तो निर्णय डॉक्टरांचा. पण नुसतं इंजेक्शन घेऊन थांबलात तर खांदा पडलेलाच राहील, कारण इंजेक्शन नसेला काहीच करत नाही.

एमआरआयमधल्या गादीचं मनावर घेऊ नका. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एमआरआय काढा, काही ना काही निघतंच. बाबांच्या हाताच्या बोटांत मुंग्या, पकड कमी होणं, कोपर वाकवताना ताकद न लागणं असं काही असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागेल, कारण अकरावी नस बोटांकडे जातच नाही, आणि हे सर्जनलाच आधी दाखवायचं. कान आणि जबड्याखालचा भाग बधिर वाटतो असं तुम्ही लिहिलंय, ते ऑपरेशनमध्ये कातडीच्या नसा गेल्यामुळे असतं, त्याची काळजी करू नका.

पण त्या बधिरपणामुळे एक मोठा धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. मानेवर गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, रेडिएशन झालेली कातडी लवकर भाजते आणि भरायला फार वेळ घेते, असे भाजलेले पेशंट मी बघितलेत आणि फार वाईट वाटतं कारण घरच्यांनी ते मायेनेच केलेलं असतं. शेकायचंच असेल तर खाली पाठीत, स्कॅप्युलाच्या आतल्या कडेला, जिथे रेडिएशन झालेलं नाही आणि कातडीला स्पर्श नीट कळतो तिथे, कोमट. मानेला जोरात मालिश नको, वजन लावून मान ओढणं नको, आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देतात ना ते तर आयुष्यात परत नको. दाढीसुद्धा ब्लेडऐवजी ट्रिमरने.

आता व्यायाम. तुम्ही लिहिलंय की जवळच्या फिजिओने भिंतीवर बोटं चढवायला आणि कप्पीची दोरी ओढायला सांगितलं. हे दोन्ही सगळीकडे सांगितलं जातं आणि या पेशंटला सुरुवातीलाच हे देणं मला पटत नाही. स्कॅप्युला जागेवर नसताना हात बाजूने जबरदस्ती वर नेला की सांध्यातले पडदे दोन हाडांच्या मध्ये चिमटले जातात, पेशंट मान उजवीकडे झुकवून कसंबसं वर नेतो, दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट, आणि मग व्यायामच सोडून देतो.

त्याऐवजी सुरुवात झोपून करा. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी किंवा छत्री धरायची, उजव्या हाताने डाव्याला उचलत समोरून डोक्याकडे न्यायचं, जिथे ताण येतो तिथे थोडं थांबून परत. झोपल्यावर स्कॅप्युलाला गादीचा आधार मिळतो म्हणून हे जमतं. तीच काठी धरून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर ढकलायचा. मग आरशासमोर खुर्चीत बसायचं, डावा हात उशीवर टेकवलेला, आणि दोन्ही स्कॅप्युला मागे आणि किंचित वर आणून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. आरसा महत्त्वाचा आहे कारण दोन्ही खांदे एका रेषेत आणायचे कसे हे बाबांचं शरीर विसरलंय. कोपर टेबलावर टेकवून खांदा कानाकडे उचलायचा प्रयत्नही करायचा, आणि तो करताना तुम्ही मान आणि खांद्याच्या मधल्या ट्रॅपेझियसवर हलकं बोट ठेवून बघा, बोटाखाली थोडीशी जरी हालचाल लागली तरी नस जिवंत असण्याची खूण आहे, फक्त लेव्हेटरही तिथेच जवळ असतो म्हणून एकदा जाणकाराकडून खात्री करून घ्या. पुढचा व्यायाम सेरेटससाठी. भिंतीसमोर उभं राहून तळहात छातीच्या उंचीवर टेकवायचे, कोपर सरळ ठेवून पाठ मागे ढकलायची, म्हणजे भिंत दूर लोटल्यासारखं. सेरेटसची नस वेगळी असते आणि या ऑपरेशनमध्ये सहसा तिला धक्का लागत नाही, त्यामुळे ट्रॅपेझियस जागा होईपर्यंत किंवा नाहीच झाला तरी कायमचा आपला भरवसा याच्यावर.

छातीचा स्नायू ताणणंही लागतं, खांदा पुढे पडला की तो आखडतोच. पण बाबांच्या गालाच्या जागी छातीचा स्नायू फिरवून लावला असेल, कार्डावर पीएमएमसी लिहिलेलं असेल, तर छातीवरची जखम पूर्ण भरलीय ना हे सर्जनला विचारूनच ताणायचं आणि त्या बाजूला अपेक्षाही थोडी कमी ठेवायची, कारण खांद्याचा अजून एक स्नायू गेलेला असतो.

तीन-चार आठवड्यांत दुखणं आटोक्यात आलं की वजन. हो, वजन. "जड काही उचलायचं नाही" या धाकात लोक वर्षानुवर्षं राहतात आणि स्नायू आणखी सुकतो. कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५२ पेशंटवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात १२ आठवडे हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने नेहमीच्या व्यायामापेक्षा खांद्याचं दुखणं आणि कामातली अडचण जास्त कमी झाली. सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने किंवा सगळ्यात हलक्या रबरी पट्ट्याने, हात छातीच्या खालीच ठेवून, मागे ओढण्याचे प्रकार आधी. माझा नियम एवढाच की व्यायामानंतरचं दुखणं तासा-दोन तासांत उतरायला हवं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं तर निम्मं करा, बंद करू नका. हे शिकायला सुरुवातीला काही वेळा तरी फिजिओकडे प्रत्यक्ष जाच, कॅन्सरचाच स्पेशालिस्ट नसला तरी चालेल, गावात मिळणार नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम दिलेले असतील तर तेही याच बैठकीत उरकायचे, वेगळा वेळ काढू म्हटलं की राहून जातं.

बसताना आणि झोपताना हाताला आधार द्या, हे फुकट आहे आणि दुखण्यावर गोळीइतकं काम करतं. टीव्ही बघताना कोपराखाली उशी. उजव्या कुशीवर झोपताना पोटाशी जाड उशी घेऊन डावा हात तिच्यावर. चालताना हात लोंबकळत ठेवण्यापेक्षा खिशात. दिवसभर झोळी लावून मात्र ठेवू नका, सांधा आखडेल. शर्ट पुढे बटणांचा, घालताना डावा हात आधी, काढताना डावा शेवटी. पिशवी उजव्या हातात, एसटीत वरचा दांडा डाव्या हाताने धरायचा नाही. जळजळणारं, करंट मारल्यासारखं दुखत असेल तर साध्या पेनकिलरने ते जात नाही, नसेच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारा. आणि सारखा थकवा असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करा, मानेवर रेडिएशन झालेल्यांना ती दर सहा ते बारा महिन्यांनी करावीच लागते आणि थायरॉइड कमी पडलं तर व्यायाम करायला अंगात जोरच राहत नाही. तंबाखू परत सुरू झाली नाहीये ना, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण बघा.

चार महिने झालेत म्हणून एक काम याच महिन्यात करा. खांदा उचलताना ट्रॅपेझियसमध्ये अजिबात हालचाल दिसत नसेल तर सर्जनला भेटून ईएमजी, म्हणजे स्नायूतले विजेचे संकेत मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. नस किती जिवंत आहे ते त्यातून कळतं. नस पूर्ण तुटलेली निघाली तर तिला दुसरी नस जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते उशिरा करून उपयोग होत नाही, आणि रेडिएशन झालेल्या मानेत परत शिरायचं का हा अवघड निर्णय असतो. खूप उशीर झाल्यावर लेव्हेटर आणि ऱ्हॉम्बॉइड जागा बदलून लावण्याचंही एक ऑपरेशन आहे, कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते क्वचित करतात. बहुतेकांना यातलं काही लागत नाही. आणि पुढे कधीही, खांदा सुधारत असताना अचानक परत बिघडला, नवीन गाठ हाताला लागली, दुखणं रात्रंदिवस वाढतच चाललं, हाताला सूज आली, तर फिजिओकडे नाही, थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे.

दुकानाचं. बाबा गल्ल्यावर आत्ताही बसू शकतात, खरं तर बसवाच, घरी पडून राहण्यापेक्षा ते खांद्याला आणि डोक्याला दोन्हीला बरं. पहिले काही दिवस दोन-तीन तास, डाव्या कोपराखाली टेकायला काहीतरी. रोज लागणारा माल कमरेपासून छातीपर्यंतच्या फळ्यांवर आणा, तेलाचे डबे आणि वरच्या फळीवरचं सगळं दुसऱ्या कुणीतरी काढायचं. वजनकाटा उजव्या हाताला. साखरेची-तांदळाची पोती खांद्यावर घेणं मात्र या वर्षात नाही, आणि आरएनडी झालं असेल तर पुढेही नाही, ते हमाली देऊनच करून घ्या. आज आरशासमोर बाबांचा हात समोरून किती वर जातो आणि बाजूने किती, त्याचे दोन फोटो काढून ठेवा, सहा आठवड्यांनी परत काढा आणि कार्डाच्या फोटोसोबत मला पाठवा, मग पुढचं सांगते.